भित्तिचित्रांचे परिरक्षण : अजिंठा आणि वेरूळ यांच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

अजिंठ्याच्या चित्रांविषयी आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यातील बहुतेक चित्रांचा आशय, त्यांचा काळ किंवा त्यांची शैली यांविषयी आहे. कोणत्या भिंतीवर कोणते जातक रंगविले आहे, कोणत्या राजवटीत कोणते लेणे खोदले गेले, रेषेचे व रंगाचे वैशिष्ट्य काय, या प्रश्नांचा ऊहापोह पुष्कळ झाला. परंतु ज्या चित्राविषयी हा ऊहापोह करावयाचा ते चित्र भिंतीवर टिकून कसे राहते, ते कोणत्या द्रव्यांचे बनलेले आहे आणि ते टिकविण्याचे काम कोण करते, याचा विचार मराठीत क्वचितच आढळतो. हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला परिरक्षक असे म्हणता येईल. त्याच्या व्यवसायाचे स्वरूप आणि त्याच्या संशोधनाची पद्धती, विशेषतः भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतील रसायनशास्त्रज्ञ मॅनेजर राजदेव सिंह यांनी आपल्या परिसरात केलेल्या कार्याच्या आधारे, स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर अजिंठ्यातच आहे. तेथील लेख सर्वच दगडात कोरलेले नाहीत. कित्येक लेख रंगाने लिहिलेले आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात क्षान्तिवादी जातकाच्या चित्राजवळ आर्यशूराच्या जातकमालेतील श्लोक रंगविलेले होते व ते कोणत्या ग्रंथातील आहेत हे हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले. एका संस्कृत ग्रंथाचा काळ व प्रसार ठरविण्यास उपयोगी पडणारा हा पुरावा गिलाव्यावरील रंगाच्या थराएवढाच जाड आहे. तो थर गळाला की अक्षर गेले, आणि अक्षर गेले की पाठ गेला. तेव्हा परिरक्षकाचे काम हे आपल्या साधनसामग्रीच्याच रक्षणाचे काम आहे.

२. परिभाषेचा प्रश्न

या व्यवसायासाठी मराठीत अनेक शब्द वापरले जातात : संवर्धन, जतन, जीर्णोद्धार, डागडुजी, पुनःस्थापन. व्यवहारात ते एकमेकांऐवजी येत असले तरी त्यांच्या अर्थांत महत्त्वाचे भेद आहेत. ‘जीर्णोद्धार’ ही धार्मिक परंपरेतील संकल्पना होय. देवालय जीर्ण झाले की ते पुन्हा पूजायोग्य करावयाचे, हा तिचा हेतू. त्यात जुना भाग काढून नवा घालण्यास हरकत नसते. ‘संवर्धन’ या शब्दात वाढविण्याचा अर्थ आहे. वनांचे किंवा पशुधनाचे संवर्धन होऊ शकते. पाचव्या शतकातील चित्राचे होऊ शकत नाही, कारण त्यात कशाचीही वाढ होऊ न देणे हेच येथे अपेक्षित आहे. ‘डागडुजी’ हा शब्द वास्तूच्या उपयुक्ततेकडे पाहतो. वस्तूच्या प्रामाणिकतेशी त्याचा संबंध नाही.

या सर्वांत ‘जतन’ हा साधा शब्द अर्थाच्या दृष्टीने सर्वांत अचूक वाटतो. संस्कृत ‘यत्न’ शब्दातील आद्य य-काराचा प्राकृतांत सामान्यतः होतो तसा ज-कार होऊन आणि जोडाक्षर स्वरागमाने सुटून तो सिद्ध झाला आहे. म्हणजे राखणे हा प्रयत्न आहे, अखंड चालणारी क्रिया आहे, हा आशय त्या शब्दाच्या मुळातच आहे. शास्त्रीय संज्ञा म्हणून मात्र ‘परिरक्षण’ हा शब्द येथे वापरला आहे, कारण त्यावरून परिरक्षक, परिरक्षणीय, परिरक्षणशास्त्र ही रूपे सहज होतात.

परिभाषेतील ढिलाईचा परिणाम केवळ शब्दांपुरता राहत नाही, याचे एक उदाहरण देतो. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते. हा इटालियन शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘ताजे’ असा आहे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावावयाचा. चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून कठीण होताना रंगाचे कण त्यात बांधले जातात, ही ती पद्धती. अशा चित्रात वेगळ्या चिकट द्रव्याची आवश्यकता नसते व त्याला पाण्याचे फारसे भय नसते. अजिंठ्याची चित्रे या पद्धतीची नाहीत. ती मातीच्या वाळलेल्या गिलाव्यावर, सरसासारख्या बंधकद्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. येथे पाणी लागले तर बंधकद्रव्य सैल होते आणि खालची माती फुगते. अर्थात, ज्याने या चित्राला खरोखरच फ्रेस्को समजून पाण्याचा बोळा फिरविला, त्याने ते चित्र पुसले असे समजावे. चुकीची संज्ञा येथे चुकीचा उपचार ठरते.

३. चित्राची घडण

परिरक्षकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे केवळ दिसणारा रंग नव्हे, तर एकावर एक असलेल्या थरांची रचना होय. अजिंठ्यात सर्वांत आत लेण्याचा बेसाल्ट खडक आहे. छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या त्या पृष्ठावर मातीचा जाड थर दिलेला आहे. त्यात परिसरातील माती, वाळू, खडकाचा चुरा, भाताचे तूस, गवत व इतर वनस्पतींचे तंतू मिसळलेले असतात. त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा थर, त्यावर पांढरा पातळ लेप आणि मग रंग, असा क्रम आहे. रंगांपैकी लाल व पिवळा हे गेरू आणि पिवडी यांचे, हिरवा हिरव्या खनिज मातीचा, काळा काजळीचा. हे सर्व येथे किंवा जवळपास मिळण्यासारखे आहेत. निळा मात्र राजावर्त या खनिजाचा आहे आणि त्याच्या प्रसिद्ध खाणी अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात आहेत. हा निळा रंग पाचव्या शतकातील चित्रांत आढळतो. चित्रांच्या तंत्राचे पद्धतशीर रासायनिक परीक्षण मद्रासच्या संग्रहालयातील रसायनशास्त्रज्ञ एस. परमशिवन् यांनी १९३० नंतरच्या दशकात केले, आणि पुढील संशोधनाचा पाया त्यातून घातला गेला.

ही रचना लक्षात घेतली म्हणजे विनाशाची कारणेही स्पष्ट होतात. खडकाच्या भेगांतून पावसाचे पाणी झिरपते व मातीचा थर खडकापासून सुटून पोकळ होतो. तुसासाठी आणि तंतूंसाठी कीड येते व गिलावा आतून पोखरते. वटवाघळांची विष्ठा पृष्ठावर साचते. पूर्वी लेण्यांत राहणाऱ्यांच्या चुलींची व दिव्यांची काजळी त्यावर बसते. शेकडो प्रेक्षकांच्या श्वासाने व अंगच्या उष्णतेने आर्द्रता आणि तापमान सतत खालीवर होत राहते. यांपैकी कोणतेही कारण एकटे काम करीत नाही.

४. मानवी हस्तक्षेपाचा इतिहास

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी दहाव्या लेण्यात पोहोचला आणि त्याने तेथील स्तंभावरील चित्रावर आपले नाव व तारीख कोरली. आधुनिक काळातील पहिली नोंद आणि पहिली इजा अशा रीतीने एकाच कृतीत घडली. त्यानंतर नकला काढण्याचे युग आले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतील पुष्कळ नकलाही पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. या नकलाकारांच्या काळात अंधूक चित्र स्पष्ट दिसावे म्हणून मूळ चित्रांवर वार्निश लावण्यात आले. एकोणिसाव्या शतकातील नकलांचा मोठा भाग जळाला, वार्निश मात्र भिंतीवर राहिले.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९१४ मध्ये तेथे स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन होऊन गुलाम याझदानी हे त्याचे प्रमुख झाले. चित्रांचा ऱ्हास थांबविण्यासाठी राज्याने लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास आपल्या सहकाऱ्यासह बोलाविले, आणि १९२० ते १९२२ या काळात त्यांनी काम केले. सुटू पाहणाऱ्या गिलाव्याच्या कडा त्यांनी बांधून घेतल्या, पोकळ भाग भरले, आणि चित्रांच्या पृष्ठावर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचा लेप दिला. सुतार लाकडाला जे पॉलिश देतो त्याच जातीचे हे द्रव्य होय. लेप दिल्याबरोबर रंग उजळले आणि सर्वांस समाधान वाटले. याझदानींच्या ‘अजंता’ या ग्रंथाचे खंड पुढे १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले.

या लेपाचे पुढे काय झाले हे समजण्यासाठी लाखेचे रसायन थोडे पाहिले पाहिजे. लाख हा कीटकाने स्रवलेला राळेसारखा पदार्थ असून ताजी असताना ती मद्यार्कात सहज विरघळते. परंतु काळ लोटतो तसे तिचे रेणू एकमेकांशी जोडले जातात. मग ती पिवळी, नंतर तपकिरी पडते, ठिसूळ होते आणि पूर्वीच्या विद्रावकास दाद देत नाही. वाळून आकसताना ती खालच्या रंगाची खपली आपल्याबरोबर उचलते. शिवाय भिंतीतील बाष्पाला बाहेर पडण्याची वाट तिने रोखलेली असते. ज्या चित्रांवर वटवाघळांची विष्ठा व काजळी होती, तेथे लेपाखाली तीही कायम चिकटून बसली. नववे व दहावे लेणे, म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या चित्रांची लेणी, या काळ्या-पिवळ्या आवरणाखाली जवळजवळ अदृश्य झाली.

चेक्कोनींना या बाबतीत दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी बांधलेल्या कडांमुळे कितीतरी गिलावा आजही जागेवर आहे. लाख हे त्या काळी परिचित व विश्वासाचे द्रव्य होते. या उदाहरणातून निघणारा धडा व्यक्तीविषयी नसून पद्धतीविषयी आहे : जो उपचार पुढे काढता येणार नाही, तो शक्यतो करू नये. परिरक्षणशास्त्रात हे तत्त्व आज सर्वमान्य आहे.

५. राजदेव सिंह यांचे कार्य

अजिंठ्याची लेणी १९५३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ मध्ये मोहम्मद सनाउल्ला या रसायनशास्त्रज्ञाच्या नेमणुकीने सुरू झाली आणि पुढे तिचे मुख्य केंद्र डेहराडून येथे गेले. तिच्या पश्चिम विभागाचे कार्य औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, चालत आले आहे. या विभागात राजदेव सिंह यांनी दीर्घकाळ काम केले व पुरातत्त्व-रसायनज्ञाच्या वरिष्ठ पदावर ते होते.

१९९९ मध्ये त्यांनी नवव्या व दहाव्या लेण्यांतील चित्रांवरील आवरण काढण्याचे काम हाती घेतले. हे काम स्वच्छतेचे वाटले तरी त्यात आधी निदान व मग उपचार असा वैद्यकासारखा क्रम असतो. प्रथम पृष्ठाची छायाचित्रे, साध्या आणि अवरक्त प्रकाशात, घेतली जातात. अवरक्त प्रकाश जुन्या लेपातून काही अंशी पार जातो, त्यामुळे खाली काय शिल्लक आहे याचा अंदाज येतो. बोटाने हलकेच ठोकून गिलावा कोठे पोकळ आहे हे आवाजावरून ठरविता येते. सुटलेले भाग आधी आतून चिकटवून पक्के केल्याशिवाय पृष्ठाला हात लावता येत नाही. त्यानंतर कडेच्या, कमी महत्त्वाच्या भागावर लहानशा चौकोनात निरनिराळी विद्रावके वापरून पाहावयाची. जे लाख सैल करते पण खालच्या बंधकद्रव्यास स्पर्श करीत नाही, तेच निवडावयाचे. या कामी विद्रावकांची सूक्ष्म पायसेही उपयोगात आणली गेली. पायसात विद्रावकाचे अत्यंत बारीक थेंब दुसऱ्या द्रवात विखुरलेले असल्यामुळे ते पृष्ठावरच काम करते, भिंतीत खोल शिरत नाही. कापसाचा बोळा एका वेळी जेमतेम नाण्याएवढ्या जागेवर फिरतो. एका लेण्याच्या भिंतीला वर्षे का लागतात हे यावरून ध्यानात येईल.

या कामातून दहाव्या लेण्यातील षड्दंत व श्याम या जातकांच्या कथनपट्टांचे, तसेच डाव्या भिंतीवरील सपरिवार राजाच्या वंदनयात्रेचे वाचन पुन्हा शक्य झाले. सातवाहनकालीन वेष, शिरोभूषणे, वाद्ये यांचा हा चित्रगत पुरावा आहे. ज्या लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत वासिठीपुत कटहादी याच्या ‘घरमुख’-दानाचा लेख आहे, त्याच लेण्यातील चित्रे आता त्या लेखाच्या शेजारी ठेवून अभ्यासता येतात.

येथेच परिरक्षकापुढील सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. दहाव्या लेण्याच्या स्तंभांवर मूळ चित्रांच्या पुष्कळ नंतरची, पाचव्या-सहाव्या शतकांतील बुद्धप्रतिमांची चित्रे आहेत. विसाव्या शतकातील लाख हे आवरण म्हणून काढावयाचे, मग पाचव्या शतकातील थर काय समजावयाचा? आणि जॉन स्मिथची सही? सर्वमान्य उत्तर असे की पाचव्या शतकातील चित्र ही स्वतंत्र कलाकृती असून ती राखलीच पाहिजे. स्मिथची सही ही इजा असली तरी ती आता ऐतिहासिक साधन झाली आहे. लाख मात्र आशयहीन असून विनाशाला कारण होत आहे, म्हणून ती काढणे योग्य. परंतु हा निर्णय रसायनशास्त्र देत नाही. तो ऐतिहासिक विवेकाचा निर्णय आहे, आणि तो घेण्यासाठी परिरक्षकाला इतिहासकाराची व भाषाभ्यासकाची सोबत लागते.

६. वेरूळचा गिलावा आणि भांगेचा तंतू

सेवेतील कामाबरोबर सिंह यांनी संशोधनही प्रसिद्ध केले. आपल्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील बी. आर. आरबाड यांच्यासह त्यांनी अजिंठा व वेरूळ येथील गिलाव्यांच्या घडणीवर निबंध लिहिले. यांपेक्षाही अधिक चर्चा झाली ती वनस्पतिशास्त्र विभागातील मिलिंद सरदेसाई यांच्यासह २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निबंधाची. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे भाग मिसळलेले आहेत, हा त्याचा निष्कर्ष होय.

प्रश्न असा होता : अजिंठ्याच्या गिलाव्याचे किडीने फार नुकसान केले आहे; संशोधकांच्या मते किमान पाव हिस्सा चित्रे त्यामुळे गेली. मग वेरूळच्या गिलाव्यात असे का आढळत नाही? बाराव्या लेण्यातील, म्हणजे तीन ताल या बौद्ध लेण्यातील, गळून पडलेल्या गिलाव्याचे नमुने घेऊन त्यांतील तंतू वेगळे करण्यात आले. त्यांचे परीक्षण सूक्ष्मदर्शकाखाली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि अवरक्त वर्णपटाने झाले. तुलनेसाठी जालना परिसरातून व दिल्लीच्या आसपासहून भांगेची ताजी झाडे आणण्यात आली. पेशींची रचना, पृष्ठावरील केसांचे आकार व वर्णपटातील खुणा जुळल्या. गिलाव्यात या वनस्पतीचे प्रमाण सुमारे १० टक्के असल्याचे आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ती आढळत नाही. तिच्या चिवट तंतूंमुळे गिलावा फुटत नाही, ती बाष्प शोषते व सोडते, आणि कीड तिच्याकडे फिरकत नाही, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले आहे.

भाषाभ्यासकाला या निष्कर्षात विशेष रस वाटावा असे कारण आहे. तंतुवनस्पतींच्या नावांचा गोंधळ फार जुना आहे. संस्कृत ‘शण’ हा शब्द सामान्यतः पिवळ्या फुलांच्या तागासाठी समजला जातो. परंतु कोशांत त्याचा अर्थ भांगेचा तंतू असाही दिलेला सापडतो. मराठीत ‘ताग’ हा शब्द या वनस्पतीसही लावतात आणि बंगालच्या पाटासही. अंबाडीचा तंतू आणखी निराळा. आणि इंग्रजीतून आलेले ‘हेम्प’ हे नाव या सर्वांस कमीअधिक लावले गेले आहे. ‘भङ्गा’ हा शब्द मात्र पुरेसा निश्चित आहे. पाणिनीने पिकांवरून शेतांना पडणाऱ्या नावांचा नियम सांगताना तीळ, उडीद, जवस यांच्या पंक्तीत भङ्गेचा उल्लेख केला आहे. म्हणजे ते शेतात घेतले जाणारे पीक होते. असे असले तरी उद्या एखाद्या शिल्पग्रंथात गिलाव्यात ‘शण’ मिसळावा असे वचन मिळाले, तर त्यावरून कोणती वनस्पती अभिप्रेत आहे हे केवळ कोशाच्या आधारे ठरविता येणार नाही. ते ठरविण्यास गिलाव्यातील तंतूच साक्षीला बोलवावा लागेल. शब्द आणि वस्तू यांचा अभ्यास परस्परांच्या साह्याने व्हावा, हे तत्त्व भाषाविज्ञानात नवीन नाही; येथे त्याचे उत्तम प्रात्यक्षिक मिळते.

७. पाठचिकित्सा आणि परिरक्षण

परिरक्षकाच्या कामाचे ग्रंथसंपादनाशी असलेले साम्य एव्हाना वाचकांच्या ध्यानात आले असेल. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन केले; ते काम त्यांच्या पश्चात १९६६ मध्ये पूर्ण झाले. हस्तलिखितांच्या वंशावळी लावून नंतरची भर कोणती हे त्यांनी ठरविले. परिरक्षकही थरांचा क्रम लावून मूळ व प्रक्षिप्त यांचा विवेक करतो. दोघांनीही आपल्या अभिरुचीला मूळ कर्त्याच्या जागी बसवू नये, अशी अपेक्षा असते. गळालेल्या जागी परिरक्षक नवा चेहरा रंगवीत नाही. आजूबाजूशी विसंगत वाटणार नाही असा फिकट मातकट रंग तेथे देऊन थांबतो. संपादकही तुटलेल्या ओळीच्या जागी स्वतःची ओळ रचीत नाही.

परंतु हे साम्य एका ठिकाणी संपते आणि ते ठिकाण फार महत्त्वाचे आहे. चिकित्सक आवृत्तीत वगळलेला श्लोक नष्ट होत नाही. तो तळटीपेत किंवा परिशिष्टात राहतो, आणि संपादक चुकला असे पुढच्या पिढीस वाटले तर ती तो पुन्हा वर आणू शकते. भिंतीवरून पुसलेला थर मात्र कोणत्याही परिशिष्टात ठेवता येत नाही. बोळ्याबरोबर मूळ रंगाचा कण गेला, अक्षराचा वेलांटीचा फराटा गेला, तर तो कायमचाच गेला. परिरक्षकाला दुसरी आवृत्ती नसते.

म्हणूनच त्याची खरी तळटीप म्हणजे त्याने ठेवलेली नोंद. उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, वापरलेली द्रव्ये, त्यांची प्रमाणे, प्रत्येक चौकोनावर दिलेला वेळ आणि दिसलेला परिणाम, हे सर्व लिहून ठेवले तरच पुढील परिरक्षकास आपल्या पूर्वसूरीने काय केले हे कळते. या दृष्टीने अलीकडच्या अंकीय छायाचित्रणाने एक नवी सोय झाली आहे. नाशिकचे प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांची छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांचे हरवलेले भाग भरण्याचे काम केले आहे. येथे तर्काला मोकळीक आहे, कारण मूळ भिंतीला कोणी हात लावीत नाही. तर्क चुकला तर तो टाकून देता येतो. पुनर्रचना कागदावर किंवा पडद्यावर व्हावी आणि भिंतीवर केवळ रक्षण व्हावे, ही विभागणी इष्ट होय.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे : भित्तिचित्राचे परिरक्षण हे रसायन, वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि भाषा यांच्या संयोगाने सिद्ध होणारे शास्त्र आहे. त्यात घाईने केलेला उपकार अपकारापेक्षा भयंकर ठरू शकतो, हे लाखेच्या उदाहरणावरून दिसते. आणि संयमाने केलेल्या कामातून दोन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा पुन्हा वाचता येतो, हे नवव्या-दहाव्या लेण्यांवरून दिसते. राजदेव सिंह यांच्या संशोधनाचा आपल्या विद्यापीठाला वाटणारा विशेष असा की त्यांतील महत्त्वाचे निष्कर्ष सर्वेक्षण आणि विद्यापीठीय विभाग यांच्या सहकार्यातून निघाले.

या सहकार्यात भाषा व लिपी यांच्या अभ्यासकांचाही वाटा असावयास हवा. रंगाने लिहिलेल्या लेखांच्या जागी विद्रावक लावण्यापूर्वी प्रत्येक अक्षराची, अर्धवट दिसणाऱ्या रेषेचीसुद्धा, लिपितज्ज्ञाने केलेली नोंद उपलब्ध असेल, तर परिरक्षकाचा हात अधिक निश्चिंतपणे चालेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधासाठी विषय हवे असतात. अजिंठ्यातील रंगलेखांची वाचने, त्यांची पूर्वीची प्रकाशित छायाचित्रे आणि आजची प्रत्यक्ष स्थिती यांची भिंतीगणिक तुलना हा असाच एक विषय आहे. तो विद्यापीठापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे, आणि त्याला दर पावसाळ्यागणिक उशीर होत आहे.